पीएमपी परीक्षेची तयारी: पुण्यातले नोकरदार नेहमी विचारतात ते प्रश्न

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि चाकण इथल्या लोकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. फरक एवढाच की आयटीवाला स्प्रिंटबद्दल (कामाच्या छोट्या, ठरलेल्या मुदतीच्या टप्प्याबद्दल) बोलतो आणि चाकणचा माणूस ट्रायल लॉटबद्दल (नव्या पार्टच्या चाचणीच्या खेपेबद्दल). खालची उत्तरं पीएमआय या अमेरिकन संस्थेच्या पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षेपुरती आहेत. नियम आणि फी बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी पीएमआयच्या संकेतस्थळावरचं हँडबुक स्वतः वाचा. क्लासवाल्यांनी सांगितलं, मित्र म्हणाला, यावर विसंबू नका.

पीएमपीच का? कॅपम, प्रिन्स टू, स्क्रम मास्टर यांतलं काय करू?

तुमच्या अनुभवावर आणि तुमचा क्लायंट कुठला आहे त्यावर ठरवा. पीएमपी १९८४ पासून आहे आणि ती प्रोजेक्ट चालवलेल्या माणसासाठी आहे. अनुभव नसेल तर पीएमआयचीच कॅपम आहे. तिला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं, अनुभवाची अट नाही. प्रिन्स टू मूळची ब्रिटिश. क्लायंट ब्रिटन-युरोपातला असेल आणि त्याच्या निविदांमध्ये ते नाव दिसत असेल तर तिचा विचार करा. स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत. तिचा दोन दिवसांचा स्क्रम मास्टर कोर्स चांगला असतो, पण तो केला म्हणून पीएमपीची गरज संपली असं समजू नका. दोन्हींचं काम वेगळं आहे.

माझ्या कार्डावर 'प्रोजेक्ट मॅनेजर' लिहिलेलं नाही. अर्ज करता येतो का?

येतो. पदाचं नाव कोणी बघत नाही, काम बघतात. बॅचलर्स पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. बारावी किंवा डिप्लोमावर अर्ज असेल तर ६० महिन्यांचा. फार जुना अनुभव मोजत नाहीत, तेव्हा अलीकडची कामं आधी लिहून काढा.

चाकणमधला डेव्हलपमेंट इंजिनिअर हमखास म्हणतो, "आमच्याकडे कुठे प्रोजेक्ट असतात? आम्ही पार्ट काढतो." मग त्याला विचारावं लागतं: ग्राहकाचं ड्रॉइंग आल्यावर डाय कोणी बनवून घेतली? टूलरूमची तारीख चुकली तेव्हा सप्लायरच्या मागे कोण लागलं? ट्रायल लॉटमध्ये रिजेक्शन आलं तेव्हा ग्राहकाला कोण सामोरं गेलं? पीपॅप, म्हणजे उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाची पार्टला लागणारी मंजुरी, कोणी मिळवली? सगळ्याचं उत्तर "मीच" असेल तर तो प्रोजेक्टच आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि आधी नसलेली एक गोष्ट त्यातून तयार झाली आहे.

तोच पार्ट रोज दोन शिफ्टमध्ये काढणं हा मात्र प्रोजेक्ट नाही. सपोर्टची तिकिटं बंद करणं नाही, वार्षिक देखभालीचं कंत्राट सांभाळणंही नाही. आयटीतले बरेच जण इथे अडकतात. सहा वर्षांची नोकरी असते, त्यातली चार सपोर्टमध्ये गेलेली असतात. अशा वेळी ओढूनताणून बसवू नका. सपोर्टमध्ये असताना तुम्ही एखादं मायग्रेशन किंवा अपग्रेड स्वतः पार पाडलं असेल, तर तेवढे महिने वेगळे काढून दाखवा.

आणखी एक: एकाच काळात दोन प्रोजेक्ट चालवले असतील तर ते महिने एकदाच मोजले जातात.

अर्जात प्रोजेक्टचं वर्णन कसं लिहायचं?

वर्णन इंग्रजीत, प्रत्येक प्रोजेक्टसाठी २०० ते ५०० शब्दांत लिहायचं असतं. यात बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी रुतते. "क्लायंटशी समन्वय साधला, टीमला मार्गदर्शन केलं, काम वेळेत पूर्ण केलं" हे वाक्य पुण्यातल्या कोणत्याही रेझ्युमेत सापडेल. त्यावरून तुम्ही काय केलं हे कळत नाही.

त्याऐवजी असं काहीतरी हवं: तीन गोदामांचा साठा एकाच प्रणालीत आणणं हा उद्देश होता. मी तिन्ही गोदाम व्यवस्थापकांच्या बैठका घेऊन स्कोप ठरवला. कामाची विभागणी करून अकरा जणांचं वेळापत्रक बांधलं. जुना डेटा चुकीचा असण्याचा धोका रिस्क रजिस्टरमध्ये नोंदवला आणि म्हणून आधी एकाच गोदामात चाचणी घेतली. मध्येच बारकोडची मागणी आली, ती बदलाच्या प्रक्रियेतून मंजूर करून घेतली. आठ महिन्यांत तिन्ही गोदामं सुरू झाली.

उद्देश, तुमची भूमिका, तुम्ही घेतलेले निर्णय आणि निकाल, एवढं आलं की झालं. 'आम्ही' लिहू नका, 'मी' लिहा. आपल्याकडे 'मी मी' करणं बरं दिसत नाही, पण इथे टीमने काय केलं हे त्यांनी विचारलेलंच नाही. इंटरनेटवरचे किंवा क्लासकडून मिळालेले तयार नमुने उतरवू नका. चाकणच्या माणसाच्या अर्जात बँकिंग सॉफ्टवेअरची भाषा आली की ते लगेच उघडं पडतं.

ऑडिट लागलं तर?

घाबरू नका. ऑडिट म्हणजे अर्जातल्या माहितीची कागदपत्रांवरून पडताळणी. त्यासाठी अर्ज कोणताही निवडला जाऊ शकतो. याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा नाही. पदवीची प्रत, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि अनुभवाला दुजोरा देणारी माणसं लागतात. कागद देण्यासाठी ९० दिवस मिळतात. खोळंबा दोन ठिकाणी होतो. पहिला म्हणजे दुजोरा देणारा साहेब नोकरी सोडून गेलेला असतो आणि त्याला अर्जाचा पत्ताच नसतो. अर्ज भरण्याआधीच त्याला फोन करा आणि तुम्ही काय लिहिलंय ते पाठवून ठेवा. दुसरं कारण म्हणजे पदवी प्रमाणपत्र. अनेकांकडे शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका असते, पण विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्र घ्यायचं राहिलेलं असतं. ते काम आजच सुरू करा.

३५ तासांच्या प्रशिक्षणाचा क्लास कोणता लावू?

पीएमपीच्या अर्जाला एवढं प्रशिक्षण लागतं. तुमचं कॅपम प्रमाणपत्र चालू असेल तर ही अट लागू नाही. बाकीच्यांना ३५ तास हवेतच. ऑनलाइन स्वतःच्या गतीने केलेला कोर्सही चालतो, पण शेवटी चाचणी असलेला घ्या. पुण्यात शनिवार-रविवारचे भरपूर क्लास आहेत. नाव सुचवत नाही. फक्त दोन गोष्टी तपासा: शिकवणारे प्रश्न सोडवून दाखवतात की स्लाइड वाचून दाखवतात, आणि अभ्यासक्रम चालू परीक्षेच्या आराखड्यावर आहे की जुन्या. 'शंभर टक्के पास'ची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका.

पीएमआयचा पुणे-डेक्कन चॅप्टर आहे, त्याचे कार्यक्रम बघत राहा. तिथे भेटणारी माणसं अभ्यासाला उपयोगी पडतात, पुढे नोकरी बदलतानाही.

पीएमबॉकची कोणती आवृत्ती वाचू?

पीएमबॉक म्हणजे पीएमआयचं प्रोजेक्ट व्यवस्थापनाचं मार्गदर्शक पुस्तक. सहावी आवृत्ती (२०१७) प्रक्रियांची आहे: ४९ प्रक्रिया, दहा ज्ञानक्षेत्रं, प्रत्येक प्रक्रियेत काय घातलं की काय बाहेर पडतं याचे तक्ते. सातवी (२०२१) तत्त्वांची आहे, बारा तत्त्वं आणि आठ कार्यक्षेत्रं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवी आली आणि तिच्यात प्रक्रिया पुन्हा परतल्या. पण परीक्षा पीएमबॉकवर बेतलेली नसते. ती 'एक्झाम कंटेंट आउटलाइन' या आराखड्यावर बेतलेली असते आणि तो संकेतस्थळावर फुकट मिळतो. पुस्तक घेण्याआधी तो वाचा.

२०२१ पासूनच्या आराखड्यात माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के आणि व्यावसायिक वातावरण ८ टक्के अशी प्रश्नांची विभागणी होती. जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यात ती ३३, ४१ आणि २६ अशी आहे. धंद्याशी संबंधित भाग तिपटीहून जास्त वाढला. तुमची परीक्षेची तारीख कोणत्या आराखड्यात येते ते पाहून मगच साहित्य घ्या. अप्पा बळवंत चौकात जुनं, स्वस्त पुस्तक मिळतं म्हणून २०२१ च्या आधीचं उचलू नका. पाठांतरासाठी ते छान असतं आणि नेमकं पाठांतरच इथे चालत नाही. पीएमबॉकसोबत 'अजाईल प्रॅक्टिस गाइड' जरूर वाचा. जवळपास निम्मे प्रश्न अजाईल (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करायची पद्धत) किंवा हायब्रिड (अजाईल आणि आधी सगळं ठरवून करायची पद्धत यांचं मिश्रण) पद्धतीवर येत आले आहेत.

पंधरा वर्षं प्रोजेक्ट चालवतोय. मला वेगळा अभ्यास कशाला?

सर्वांत जास्त अभ्यास तुम्हालाच लागेल. नवखा माणूस पुस्तक सांगेल तसं उत्तर देतो. अनुभवी माणूस आपल्या ऑफिसात जे खपतं ते देतो. आपल्याकडे काय खपतं? क्लायंटने मागितलं की नाही म्हणायचं नाही. दोघांचं भांडण झालं की एकाला दुसऱ्या टीममध्ये टाकायचं. तारीख चुकणार असं दिसलं की शनिवारी बोलवायचं. आणि काही अवघड वाटलं की साहेबांना मेल, सीसीमध्ये सगळे. या सगळ्याने प्रोजेक्ट पार पडतात हेही खरं. पण परीक्षेत यांपैकी जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीच्या पर्यायात ठेवलेली असते.

एक नमुना बघा. हा मी बेतलेला आहे, खऱ्या परीक्षेतला नाही.

तुम्ही एक हायब्रिड प्रोजेक्ट चालवता. ग्राहकाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तुमच्या डेव्हलपरला थेट फोन करून रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवून घेतला. डेव्हलपरने अर्ध्या तासात तो टाकलाही. तुम्हाला दोन दिवसांनी कळलं. आधी काय कराल?

अ. स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्या वरिष्ठाला) कळवाल.
ब. डेव्हलपरला रकाना लगेच काढायला सांगाल.
क. डेव्हलपर आणि त्या अधिकाऱ्याशी बोलून बदलाचा परिणाम समजून घ्याल आणि मग तो बदलाच्या प्रक्रियेत आणाल.
ड. ग्राहक खूश आहे, खर्चही झाला नाही, म्हणून पुढे जाल.

हिंजवडीत ड ला मतं पडतात. शिस्तीचा माणूस ब निवडतो. उत्तर क. ड नाही, कारण अर्ध्या तासाचा बदल पुढे चाचणीत, मॅन्युअलमध्ये, दुसऱ्या रिपोर्टमध्ये किती पसरला हे तुम्हाला अजून माहीतच नाही. ब नाही, कारण परिणाम न तपासता काढून टाकणं म्हणजे पुन्हा तेच, मंजुरीशिवाय केलेला दुसरा बदल. अ अगदीच चूक नाही, पण तुमच्या अधिकारात असलेली गोष्ट आधी वर ढकलायची नसते. आता हाच प्रसंग शुद्ध स्क्रमचा करा, उत्तर बदलतं: ती मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (काय बनवायचं हे ठरवणाऱ्याकडे) जाईल आणि बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) तिचा क्रम तो ठरवेल. म्हणून प्रश्नात आधी शोधायचं ते हे, की काम कोणत्या पद्धतीने चाललंय. त्यानंतर 'आधी', 'यापुढे', 'सर्वोत्तम' यांपैकी काय विचारलंय ते बघा. चारही पर्याय कधी ना कधी करायचेच असतील, पण क्रम वेगळा असेल.

सराव करताना प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाशेजारी एक ओळ लिहा: "ऑफिसात मी काय केलं असतं?" थोड्याच दिवसांत तुमच्या सवयींची यादी तयार होईल. अभ्यास त्या यादीचा करायचा.

गणित किती येतं?

फार नाही, पण अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाची बजेटप्रमाणे होणारी किंमत) कळायला हवी. सूत्र पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण डोक्यात ठेवा. कोथरूडच्या एका सोसायटीचं वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम, बजेट ४० लाख. सहा महिन्यांत ६० टक्के काम व्हायचं होतं, म्हणजे नियोजित मूल्य २४ लाख. झालं ४० टक्के, म्हणजे कमावलेलं मूल्य १६ लाख. कंत्राटदाराला दिले २० लाख. खर्चाचा निर्देशांक १६ भागिले २०, म्हणजे ०.८. वेळेचा १६ भागिले २४, साधारण ०.६७. दोन्ही एकच्या खाली, म्हणजे पैसे जास्त गेले आणि काम मागे. याच गतीने गेलं तर अखेरचा खर्च ४० भागिले ०.८, म्हणजे ५० लाख. सोसायटीच्या सभेत हे कोणी मांडत नाही, तिथे "कंत्राटदार चोर आहे" एवढ्यावर भागतं. परीक्षेत आकडेमोडीपेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा असतो: निर्देशांक ०.८ आहे, आता तुम्ही काय कराल?

क्रिटिकल पाथ (जिच्यातला उशीर सगळा प्रोजेक्ट लांबवतो ती कामांची साखळी) आणि संवादाचे मार्ग (१० माणसांच्या ४५ जोड्या, म्हणून ४५ मार्ग) एवढं आणखी बघून ठेवा. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो.

नोकरी करून अभ्यास कधी करायचा?

दोन ते तीन महिने पुरतात, पण सलग. पुण्यातला माणूस नेमका जूनमध्ये सुरू करतो, ऑगस्टमध्ये ढोल पथकात जातो, गणपती झाले की दिवाळीचं बघू म्हणतो. आधी परीक्षेची तारीख घ्या, मग वेळापत्रक बसवा. कंपनीच्या बसमध्ये बसून वाचणाऱ्यांना हिंजवडीच्या ट्रॅफिकचा फायदाच होतो; दुचाकीवाल्यांनी मात्र पहाट धरावी. घरी लहान मूल असेल तर सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिका आहेत. तिथे एमपीएससीची मुलं बसलेली असतात आणि त्यांच्या शेजारी मोबाइल काढायची लाज वाटते. हा फायदा कोणत्याही ॲपमध्ये नाही.

मॉक टेस्ट किती द्यायच्या? मित्राकडे 'खरे प्रश्न' आहेत म्हणे.

पूर्ण लांबीच्या दोन-तीन तरी, एका बैठकीत, फोन बंद ठेवून. पीएमआयचं स्वतःचं 'स्टडी हॉल' आहे. त्यातले काही प्रश्न मुद्दाम अति कठीण ठेवलेले असतात, त्यांनी खचू नका. टक्केवारी मोजून थांबू नका; चुकलेले प्रश्न तपासायला टेस्टइतकाच वेळ द्या. 'खऱ्या प्रश्नांच्या' पीडीएफपासून लांब राहा. ते आचारसंहितेच्या विरुद्ध आहे, पकडलं गेल्यास परीक्षाच रद्द होऊ शकते, आणि त्यांतली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात.

शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजी आड येईल का?

परीक्षा मराठीत नाही. पण इथे इंग्रजी बोलायचं नाही, लिहायचंही नाही, वाचायचं आहे. २०२१ च्या आराखड्यात १८० प्रश्नांना २३० मिनिटं होती, म्हणजे प्रश्नामागे ७७ सेकंदांच्या आसपास. नव्या आराखड्यात २४० मिनिटं आहेत. अडचण शब्दांची कमी, लांब परिच्छेद मनातल्या मनात मराठीत फिरवून बघायच्या सवयीची जास्त. त्यावर उपाय म्हणजे शेवटचं वाक्य आधी वाचायचं, मग पूर्ण प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

केंद्रावर जाऊ की घरून देऊ?

पुण्यात असाल तर केंद्रावर जा. घरून देता येते, पण खोलीत तुम्ही एकटे, टेबल रिकामं, कॅमेरा सतत चालू. कोणी आत आलं तर परीक्षा थांबू शकते. ओठ हलवत वाचायची सवय असेल तर त्यावरही हटकतात. शिवाय पावसाळ्यात वीज जाते, सिलिंडरवाला बेल वाजवतो, सासूबाईंना चष्मा नेमका त्याच खोलीत सापडतो. नदीकाठी राहत असाल तर संध्याकाळचा ढोलाचा सराव विसरू नका.

कुठूनही द्या, आधी नाव तपासा. पीएमआयच्या खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर पॅन कार्डावर एक आणि पासपोर्टवर दुसरं. पासपोर्टवर आहे तसंच नाव खात्यात ठेवा आणि तोच घेऊन जा. मधल्या विश्रांतीला उठलात की आधीच्या भागाचे प्रश्न पुन्हा उघडत नाहीत, तेव्हा खुणा केलेले प्रश्न आधी संपवा.

निकालात किती टक्के लागतात?

पीएमआय टक्केवारी जाहीर करत नाही. '६१ टक्के लागतात' वगैरे आकडे विसरा. प्रत्येक विभागात तुम्ही लक्ष्याच्या वर, लक्ष्यावर, खाली, की सुधारणा हवी, एवढंच दिसतं. काही प्रश्न गुणांत धरतच नाहीत, पण कोणते ते कळत नाही. नापास झालात तर अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षात एकूण तीन प्रयत्न मिळतात, पुन्हा देण्याची फी वेगळी. तिन्ही गेले तर वर्षभर थांबावं लागतं. दुसऱ्या प्रयत्नाआधी ज्या विभागात 'खाली' आलं तोच धरा, सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचू नका.

कंपनी पैसे देते का? पगार वाढतो का?

अनेक कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात, काही बाँड लिहून घेतात. एचआरकडून मेलवर लेखी घ्या, तोंडी नको. पीएमआयचं सदस्यत्व घेतलं तर परीक्षेची फी कमी होते, हिशोब करून बघा. पगाराचं म्हणाल तर त्याच कंपनीत, त्याच साहेबाखाली, प्रमाणपत्र दाखवून वाढ मिळेल या आशेवर राहू नका. नोकरी बदलताना किंवा क्लायंटला टीम दाखवताना त्याचं वजन पडतं.

एकदा मिळालं की आयुष्यभर?

नाही. दर तीन वर्षांत ६० पीडीयू (शिकण्याचे किंवा व्यवसायाला हातभार लावण्याचे तास) लागतात. त्यांतले किमान ३५ शिकण्यातून आणि ते पीएमआयने ठरवलेल्या तिन्ही कौशल्यप्रकारांत थोडे थोडे. बाकीचे शिकवणं, स्वयंसेवा, स्वतःचं काम यांतून. वेबिनार ऐकला की त्याच आठवड्यात नोंद करा. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात एकदम साठ भरायला बसणारे बरेच भेटतात.